सातवा रुमाल

रेवणण्णांशी बोलायचं म्हणजे त्यांच्याबरोबर चालायचं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर पंचा, आणि मठाच्या अंगणात सकाळपासून फेऱ्या. ज्याला काम असेल त्यानं मागं मागं फिरावं. मी पहिल्यांदा कॉलेजचं पत्र घेऊन गेले, तेव्हा ते त्यांनी चालता चालता वाचलं, चालता चालताच त्याची घडी घातली आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "बसलेल्या माणसाला कागद गावत न्हाई, म्याडम. चला." मी चपला हातात घेऊन त्यांच्यामागं धावले. पुढची बारा वर्षं माझी हीच गत होती.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. मठातल्या जुन्या कागदांचे फोटो काढून त्यांची सूची करायची, असं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मठ शहराच्या जुन्या भागात आहे. नाव सांगत नाही, कारण ते सांगायला मला मठानं परवानगी दिलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही. तिथं ताडपत्रं होती, जुन्या कानडीतली. आदिलशाहीतले फारसी कागद होते. मोडीतल्या याद्या होत्या. सगळं खारव्याच्या लाल कापडात बांधलेलं. अशा एकेका गाठोड्याला रुमाल म्हणतात. हे सगळं रेवणण्णांच्या ताब्यात. त्यांच्या आधी त्यांचे वडील गुरय्या हे काम करायचे, त्यांच्या आधी आजोबा.

पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात हुंगले. खरंच हुंगले. उन्हाळा होता, मी हाताला क्रीम लावलं होतं. "वास मारतोय. ताडपत्राला मुंग्या लागत्यात असल्यानं. जावा, माती लावून धुवा." मी, इतिहासाची प्राध्यापिका, मठाच्या नळावर मातीनं हात घासत बसले. आल्यावर त्यांनी एक रुमाल पुढं ठेवला आणि मला तो सोडू दिला नाही. "आधी गाठ वाचा. कुणी बांधली, घाईत का सावकाश, उजव्या हातानं का डाव्या. अक्षर मागनं वाचायचं. अक्षर खोटं असतंय, गाठ न्हाई." माझ्या वडिलांचं नवी पेठेत कापडाचं दुकान होतं, गाठी आणि गठ्ठे यांत मी वाढले होते. मी गाठ बघून म्हटलं, "ही डावखुऱ्या माणसानं मारलीय." त्या दिवसापासून मी म्याडमची अक्का झाले.

फळीवर सहा रुमाल होते आणि सातव्याची जागा रिकामी. रेवणण्णा रोज सकाळी सहा रुमालांवरची धूळ झटकत आणि मग तेवढ्याच काळजीनं ती रिकामी जागाही पुसत. मी विचारलं, तर उत्तर न देता बाहेर पडले. अर्थात मीही मागं निघाले. तीन फेऱ्या झाल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली.

ते विशीत होते तेव्हा मठाचे थोरले स्वामी लिंगैक्य झाले, म्हणजे गेले, आणि गादीसाठी दोन शिष्यांत जुंपली. भांडण इतकं वाढलं, की एका गटाची माणसं कागदांच्या खोलीचं कुलूप तोडायला आली. गुरय्यांनी रातोरात नव्हे, चांगलं भर दुपारी, बैलगाडीत कडब्याखाली रुमाल घालून मैंदर्गीला शरणप्पांकडे पाठवले. शरणप्पा मठाचे जुने भक्त, शेती करणारे. दोन वर्षांनी भांडण मिटलं, गाडी परत आली. शरणप्पांनी गाडीतून रुमाल उतरवले ते सहा. यादीत होते सात. जो नव्हता तोच सगळ्यांत जुना, मठाच्या पहिल्या गुरूंपासूनची परंपरा आणि अन्नदासोहाची, म्हणजे मठातल्या अन्नदानाची, सनद त्यातच.

गुरय्यांना विचारावं, तर मधल्या काळात त्यांना लकवा मारून गेला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हातानं पाटीवर नुसत्या रेघोट्या ओढायचे. मग गावाला तोंड फुटलं. गुरय्यानं सातवा रुमाल विकला म्हणे. कुणा गोऱ्याला दिला म्हणे. रेवणण्णांच्या बहिणीचं ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं. "अप्पा खाटंवर पडून सगळं ऐकायचे, अक्का. कान शाबूत होते की." हे सांगताना त्यांच्या फेऱ्यांचा वेग वाढला. माझ्या पायात गोळे आले होते, पण थांबा म्हणायची हिंमत झाली नाही.

वडिलांवरचा हा डाग धुवायचा, एवढं एकच काम त्यांनी आयुष्यात अंगावर घेतलं होतं. लग्न केलं नाही. कुठं जुन्या पोथीची कुणकुण लागली, की एसटी पकडायचे. पुढं माझ्या गाडीची सोय झाली, मग माझ्या रविवारांचं वाटोळं झालं. कुणाच्याही घरी गेले, की आधी देवघर. डोळे मिटून हात जोडायचे आणि एक डोळा किलकिला करून देवाच्या मागं काय बांधून ठेवलंय ते बघायचे. एकदा अकलूजला एका बागाईतदाराकडे लाल कापडातलं गाठोडं देव म्हणून पुजत होते. रेवणण्णांनी तासभर त्या घरच्यांना पटवलं, मी घाम पुसत उभी. शेवटी गाठोडं सुटलं. आत त्या घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका आणि एका बैलाच्या विक्रीची पावती. घरची मंडळी हिरमुसली. रेवणण्णांनी मात्र ते सगळं पुन्हा नीट बांधलं, विभूती लावली आणि म्हणाले, "पुजा तसंच. तुमचीच माणसं हायत आत."

"कागद हरवत न्हाई, माणूस इसरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाटेत, चहाच्या टपरीवर, कुणी ओळखपाळख नसलेलं भेटलं तरी. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

पण अक्कलकोटपर्यंत गेलो, तरी गाडी मैंदर्गीकडं वळवायची नाही, हा त्यांचा नियम होता. एकदा मीच म्हटलं, तिथूनच तर सुरुवात करायला हवी. तेव्हा कळलं, की सुरुवात तिथंच झाली होती आणि शेवटही. रुमाल परत आल्यानंतरच्या पहिल्या जत्रेत दासोहाच्या पंगतीत शरणप्पा जेवायला बसले होते. पानावर हुग्गी, गव्हाची खीर, वाढलेली. रेवणण्णा पंगतीत मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सातवा रुमाल कुटं ठेवला ते आधी सांगा शरणप्पा, मग मठाचं अन्न खावा."  शरणप्पांनी पानाला हात जोडले, उठले आणि निघून गेले. पुन्हा मठात आले नाहीत. काही वर्षांनी मैंदर्गीतच वारले. "गुन्हेगार नसता, तर उठला असता का भरल्या पानावरनं?" रेवणण्णा मला विचारायचे. मला ते पटायचं. खोटं कशाला बोलू? माझी सूची छापली गेली, तिच्या प्रस्तावनेत मीच लिहिलं, की सातवा रुमाल मैंदर्गी येथे गहाळ झाला. 'असे म्हणतात' एवढे दोन शब्दही मला त्यात घालावेसे वाटले नाहीत.

आता तक्क्याचं सांगायला हवं. थोरल्या स्वामींची गादी मठात वेगळ्या खोलीत जपलेली आहे. तिच्यावर एक तक्क्या, म्हणजे टेकायचा लोड. पुण्यतिथीला त्या तक्क्याला नवं भगवं वस्त्र नेसवायचं आणि जुनं काढायचं नाही, जुन्यावरच नवं, अशी रीत. गुरूच्या अंगावरचं वस्त्र उतरवणारे आपण कोण! त्यामुळं तक्क्या दरवर्षी फुगत चालला होता आणि भक्तांत बोलवा होती, की थोरल्यांची कृपा वाढते तसा तक्क्या वाढतो. लोक नवस बोलायचे. मी एकदा हळूच म्हटलं, "कृपा कसली अण्णा, ताग्याचं कापड आहे ते." तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दरवर्षी ते वस्त्र नेसवायचा मान कागद सांभाळणाऱ्याचा, म्हणजे त्यांचाच.

चार वर्षांपूर्वी तक्क्याच्या खालच्या अंगाला वाळवी लागली. सध्याचे स्वामीजी तरुण आहेत, शांत आहेत. ते म्हणाले, उघडून साफ करू. रेवणण्णा आडवे पडायचेच बाकी राहिले होते. "थोरल्यांच्या अंगावरचं काढणार तुमी? माझ्या हयातीत न्हाई." आठवडाभर हे चाललं. शेवटी स्वामीजी एवढंच म्हणाले, "अण्णा, वाळवीला रीत ठाऊक नाही. तुम्ही नाही उतरवलं, तर ती उतरवेल." कापडातलं कळतं म्हणून मलाही बोलावलं.

रेवणण्णांनी स्वतःच्या हातानं वस्त्रं उतरवायला घेतली. मी एकेक घडी करून ठेवत होते. वरची आठ-दहा पॉलिस्टरची, नुसती चकाकणारी, वाळवीनं त्यांना तोंडही लावलं नव्हतं. मग टेरिकॉट, मला शाळेतला गणवेश आठवला. मग सुती, वाळवीनं अर्धी खाल्लेली. मग सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या त्या काळचं दणकट मांजरपाट, घरी काव देऊन भगवं रंगवलेलं. मी मोजत होते. चाळीस उलटले. लोड आता हाताच्या लांबीचा, मांडीएवढा जाड उरला होता आणि कापूस काही दिसत नव्हता. "कापूस कुठाय?" मी म्हटलं. रेवणण्णांनी शेवटचं वस्त्र सोडलं. आत लाल खारवा होता.

त्यांनी तो उघडला नाही. गाठीवर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले.  "अप्पांची गाठ हाय."

आतली ताडपत्रं धडधाकट होती. चाळीस वस्त्रांनी त्यांना ना हवा लागू दिली होती, ना वाळवी. सनदही होती, घडीवर विरलेली, पण शिक्का शाबूत. स्वामीजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर सरळ रडायलाच लागले, आनंदानं. गुरय्यांनी सहा रुमाल मैंदर्गीला धाडले होते, पण सगळ्यांत मोलाचा रुमाल त्यांनी मठाबाहेर जाऊच दिला नव्हता. तक्क्यातला कापूस काढून तो आत घातला आणि वरून वस्त्र नेसवलं. गादीला हात लावायची छाती कुठल्याच गटाची होणार नव्हती. भांडण मिटल्यावर सांगणार होते. त्याआधी लकवा आला.

"अप्पा रोज गादीकडं बोट करायचे, अक्का," रेवणण्णा म्हणाले. "रोज. मला वाटायचं, दर्शनाला न्या म्हणत्यात. मी उचलून न्यायचो, डोकं टेकवायचो, परत आणायचो. ते आणखी बोट करायचे. मी आणखी डोकं टेकवायचो." ते पुन्हा चालायला लागले होते, त्या लहानशा खोलीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. "पंगतीत मी शरणप्पांना बोललो, तवा अप्पा तितंच होते. डावा हात लई हलवत होते. मला वाटलं, शाबास म्हणत्यात."

मठात सोहळा झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. ज्यांच्या बापजाद्यांनी गुरय्यांना चोर म्हटलं होतं, त्यांनीच गुरय्यांच्या फोटोला हार घातला. रेवणण्णांना शाल दिली, ती त्यांनी तिथल्या तिथं खुर्चीवर ठेवली आणि माझ्याकडं येऊन म्हणाले, "गाडी काढा अक्का. मैंदर्गीला जायाचं हाय." जे हवं होतं ते मिळालं होतं त्यांना. पण अख्ख्या वाटेत मी इतका बेचैन माणूस पाहिला नव्हता. काच वर, काच खाली. पंचाला गाठ मार, सोड.

शरणप्पांच्या पत्नी नीलव्वा पडवीत शेंगा फोडत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण ताठ. त्यांनी ओळखलं. "बर्री," म्हणाल्या, या म्हणाल्या, पाणी दिलं. रेवणण्णा उंबऱ्याबाहेरच उभे.

"अव्वा, सातवा रुमाल गावला. मठातच होता, माझ्याच हाताखाली. शरणप्पांचा काय बी दोष न्हवता."

नीलव्वा शेंगा फोडत राहिल्या. "तुमास्नी आता कळलं व्हय? मला तवाच ठाऊक होतं. जत्रेतनं उपाशी घरी आले, त्याच दिवशी."

"मला माफ करा अव्वा."

"ह्यांना माझ्या पडवीत बोलला होता का तुमी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "पंगतीत बोलला होता. भरल्या पंगतीत. मग हितं माझ्या कानात सांगून काय व्हतंय? जितं बोलला, तितं बोला की."

मी मध्ये तोंड घातलं. छापलेल्या सूचीत मीही चुकीचं लिहिलंय, दुरुस्ती छापते, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं पाहून मान हलवली आणि म्हणाल्या, "छापा की. मला वाचता येत न्हाई."

त्या वर्षीच्या जत्रेत रेवणण्णा पहिल्या पंगतीत उभे राहिले. हुग्गी वाढून झाली होती. "शरणु," ते सगळ्यांना हात जोडून मोठ्यानं म्हणाले. "मैंदर्गीच्या शरणप्पांनी मठाचा कागद कदी चोरला न्हाई. मी, गुरय्यांचा मुलगा रेवणय्या, ह्याच जागी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. आता जेवा." लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. कोण शरणप्पा? त्या पंगतीला असलेली माणसं केव्हाच गेली होती. आता बसले होते ते त्यांची नातवंडं, सुना, कामगार, रस्त्यानं जाता जाता आत शिरलेले. एक जण भाताची वाट पाहत म्हणाला, "बरं बरं, बाबा." पंगत उठली, दुसरी बसली. रेवणण्णा पुन्हा उभे राहिले. पुन्हा तेच. तिसरी, चौथी. वाढपी वैतागले. संध्याकाळपर्यंत चौदा पंगती झाल्या आणि चौदाही वेळा ते रांगांमधून चालत हे बोलले. प्रत्येक वेळी आधी दाराकडं बघायचे. नीलव्वा आल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही. स्वामीजींनी समजावलं, झालं अण्णा, पोचलं. मी तर भांडलेच. "एकदा बोललात, संपलं. उगाच जीव काय आटवताय?" ते म्हणाले, "शरणप्पा किती वर्षं उपाशी ऱ्हायले, मोजलं का तुमी?"  त्या तिसऱ्या जत्रेनंतर महिन्याभरात ते गेले. सकाळची फेरी घालताना अंगणातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. माझं माहेरचं कुणी जावं तसं मला झालं.

नीलव्वांना सांगायला मी मैंदर्गीला गेले. खरं तर माझ्या मनात त्यांच्याविषयी राग होता. एवढा म्हातारा माणूस तीन वर्षं दाराकडं डोळे लावून बसला, ही बाई एकदा येऊ शकली नाही?

ऐकून त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "लई बोलला म्हणं पंगतीत. शेजारची जायची जत्रेला, ती येऊन सांगायची. मला म्हणायची, चल की गं, एकदा तोंड दाव, म्हाताऱ्याचा जीव सुटंल."

"मग का नाही आलात?" मला राहवलं नाही.

"मी गेले असते, तर तो थांबला असता." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "ह्यांचं नाव मठात कुणी घेत न्हवतं. चाळीस वर्षं न्हाई. तो घेत होता. दिसातनं चौदा येळा." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता कोण घेणार?"

मी घरी आले ती सरळ झोपूनच राहिले. दोन दिवस कॉलेजला गेले नाही. सूचीची दुरुस्ती मी केव्हाच छापली होती, पण ती कोण वाचतं, हे मला ठाऊक आहे. माझे विद्यार्थीसुद्धा वाचत नाहीत.

या वर्षी जत्रेला पहिली पंगत बसली, हुग्गी वाढून झाली, आणि मी रांगांमध्ये उभी राहिले.   वाढपी म्हणाला, "अक्का, बाजूला व्हा, आमटी गरम हाय." मी झाले नाही. शरणप्पांचं नाव घेतलं, गाव सांगितलं, माझी चूक सांगितली आणि जेवा म्हटलं. लोक जेवायला लागले. दुसऱ्या पंगतीला पुन्हा बोलले. नवव्या पंगतीला घसा बसला, तेव्हा ग्लासभर पाणी प्यायले आणि दहावीसाठी उभी राहिले.